खडू, चुना, रांगोळी

तिच्या खोलीच्या दारावर पुठ्ठ्याची एक पाटी होती. निळ्या मार्करने ठळक लिहिलेली: ‘खडू, चुना, रांगोळी आत आणू नये. हात दाखवून आत यावे.’ खाली नाव नाही, सही नाही. नव्याने आलेल्याला वाटायचं, आत एक तर देवघर असावं किंवा कुणीतरी डोकं फिरलेलं माणूस बसलेलं असावं. आमच्या डिपार्टमेंटमध्ये दुसरा अंदाज बहुतेकांना मान्य होता.

हात खरोखर दाखवावे लागायचे. आधी तळवे, मग पालथे, मग नखं. शाळेत सोमवारी बाई नखं बघतात तसं. शिपाईमामांना तर ती उंबऱ्यावरूनच परत पाठवायची, कारण त्यांचा डावा तळहात म्हणजे तंबाखू मळायची जागा.

“मामा, तुमच्या त्या चुन्याच्या डबीत माझं आख्खं वर्ष बुडंल.”

“ताई, धुतलाय की हात.”

“धुतला तरी भेगात ऱ्हातंय. तिथूनच बोला.”

एका दिवाळीत एम.एस्सी.च्या मुलींनी डिपार्टमेंटच्या दारात मोठी रांगोळी काढली. जेवणाच्या सुट्टीत त्या परत आल्या तर फरशी ओली आणि स्वच्छ. हिने ओल्या फडक्याने सगळी पुसून टाकली होती. मुली रडकुंडीला आल्या. “काढा की, फुलांची काढा,” म्हणाली, “झेंडूत न्हाई कॅल्शियम, म्हणजे असंल तरी उडत तर न्हाई.” पुढे कितीतरी दिवस त्या मुली तिच्याशी बोलल्या नाहीत. तिच्या हे लक्षातही आलं नाही. मला मात्र त्या मुलींपेक्षा जास्त राग आला होता, आणि तो रांगोळीसाठी नव्हता. एवढी माणसं नाराज असताना कुणी इतक्या शांतपणे डबा खाऊ शकतं, याचा होता.

सरांनाही सूट नव्हती. सर म्हणजे आमचे दोघींचे गाइड, डिपार्टमेंटचे प्रमुख. त्यांना प्रोजेक्टरवर शिकवायला आवडत नाही. ते फळ्यावर शिकवतात, आणि फळाभर शिकवतात. तास संपला की बोटं पांढरी, बाहीवर पांढरं, कधी कधी भुवईवरसुद्धा. तसेच ते तिच्या दाराशी यायचे आणि भिंतीपलीकडच्या माझ्या टेबलाशी मला ऐकू यायचं:

“सर. हात.”

“अगं, आत्ताच धुतले.”

“नखात दिसून राहिलंय.”

आणि सर जायचे! वऱ्हांड्याच्या टोकाला बेसिन होतं, तिथपर्यंत निमूट जायचे. मी एका सहीसाठी त्यांच्या केबिनबाहेर घुटमळत राहायचे, आणि ते फोनवर नाहीत ना, जेवत नाहीत ना, चिडलेले नाहीत ना, असं सगळं बघून झाल्यावर उद्या येऊ म्हणून परत फिरायचे. आणि ही बया त्यांना हात धुवायला पाठवायची.

तर हे कशासाठी, ते सांगायला हवं.

आमचं दोघींचं काम एकाच गोष्टीवर होतं. हात उचलायचा म्हटलं की निरोप नसेतून स्नायूपर्यंत येतो. स्नायूच्या प्रत्येक तंतूत कॅल्शियमचा साठा कोठारात कोंडल्यासारखा भरलेला असतो. त्या कोठाराला दारं असतात. निरोप आला की दाराशेजारचं एक प्रथिन दाराला ओढ देतं, दार उघडतं, कॅल्शियम बाहेर पडतं आणि स्नायू आखडतो. मग दार वेळेत बंद व्हावं लागतं, नाहीतर आखडलेला स्नायू सुटायचाच नाही. या दारावर कुणाकुणाची सत्ता चालते, ते कशाने उघडतं आणि कशाने लागतं, याच्यावर जगात कितीतरी माणसं आयुष्य घालवतात. गंमत अशी की खुद्द कॅल्शियमचीही त्या दारावर सत्ता चालते. दाराबाहेर ते किंचित असलं तर दार उघडतं. जास्त झालं तर तेच दार बंद होतं.

हे मी तोंडी परीक्षेत सांगते तसं झालं. ती असं सांगायची: “येखादा पाव्हणा आला की माणूस दार उघडतंय. आख्खं गाव आलं की आतून कडी लावतंय. अन् मॅग्नेशियम म्हणजे उंबऱ्यात बसलेली सासू. आल्यागेल्याला आडवती.”

एम.एस्सी.ची मुलं तिचं हे वाक्य पेपरात लिहायची. माझं कुणी लिहिलं नाही.

आता हे ‘किंचित’ फार किंचित असतं. मीठ म्हणून चिमूट टाकावी इतकंही नाही. तेवढं कॅल्शियम न सांगता कुठूनही येऊ शकतं, आणि तिच्या डोळ्यांनी बघितलं तर आमचं सगळं नांदेड कॅल्शियमनेच बांधलेलं होतं. भिंतींचा चुना, बोअरचं पाणी, त्या पाण्याने बादलीला धरलेला पांढरा थर, पानाच्या टपऱ्या, नव्या बांधकामांचं सिमेंट. काचेच्या बाटलीवरही तिचा विश्वास नव्हता. काचेतूनही सुटतं म्हणून तिच्याकडे सगळं प्लॅस्टिक. स्वतःची भांडी ती स्वतः धुवायची, शुद्ध पाण्याचे कॅन स्वतः भरायची आणि त्यांना लाल दोरा बांधून ठेवायची. मी एकदा म्हटलं, “ताई, एवढं कुणी घेणार आहे का पाणी?” तर माझ्याकडे बघून म्हणाली, “तू लातूरकडली न्हाईस. तिकडं पाणी चोरीला जातंय.”

ती अहमदपूरजवळच्या एका खेड्यातली. घरची शेती, सोयाबीन आणि तूर. घर पक्कं शाकाहारी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत चालत नाही. आणि आमचं काम चालतं शेळीच्या मांडीच्या स्नायूवर, तोही ताजा, अजून कोमट असलेला. तो आणायला डिपार्टमेंटमधले मटण खाणारे सगळे का-कू करायचे, आणि ही शाकाहारी बाई सकाळी देगलूर नाक्यावर खाटकाच्या दुकानात जाऊन उभी राहायची. तो तिला ओळखायचा. “आओ डॉक्टरनी, तुमारी रान रखेली है.” रान म्हणजे मांडी. ती तराजूवर नाही, मांसावर लक्ष ठेवायची. इथून नको, तिथून द्या, ते चरबीचं काढा. मग ते मांस बर्फ घातलेल्या स्टीलच्या डब्यात आणि डबा मांडीवर घेऊन शेअर रिक्षाने विष्णुपुरीच्या विद्यापीठापर्यंत.

एकदा मीही तिच्याबरोबर होते. शेजारच्या बाईने डब्याकडे बघून सहज विचारलं, “काय भाजी आणली गं?”

“बकऱ्याची मांडी.”

बाई सरकून बसली. “मग? पाव्हणे हायेत वाटतं घरी?”

“न्हाई, खायाची न्हाई. वाटून, गाळून, फिरवून त्याच्यातलं दार काढायचंय.”

बाई पुढच्या थांब्यावर उतरली. तिला तिथेच उतरायचं होतं की नाही, देव जाणे. मी इतका वेळ बाहेर रस्त्याकडे बघत होते. माझी तिची ओळख नाही असं रिक्षातल्या लोकांना वाटावं, एवढीच माझी इच्छा होती.

तिच्या खोलीतलं टेबल बघायला बाहेरचे लोक यायचे. स्नायूतून काढलेलं दार बघायची रीत अशी: प्लॅस्टिकच्या एका इवल्या कपाच्या भिंतीला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्या भोकावर ब्रशने स्निग्ध पदार्थाचा पापुद्रा ओढायचा, डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ. त्या पापुद्र्यात एक दार येऊन बसलं की त्यातून जाणारी वीज पडद्यावर दिसते. रेघ खाली असली तर दार बंद, रेघ उडी मारून वर गेली तर उघडं. एका रेणूची हालचाल, त्या क्षणी चाललेली, आपल्यासमोर. मात्र कुणी जोरात दार आपटलं, बाहेरून ट्रक गेला, तरी पापुद्रा फुटतो. म्हणून तिचं टेबल स्कूटरच्या ट्यूबांवर तरंगत होतं. ट्यूबांत हवा ती सायकलच्या पंपाने भरायची. सभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, बाहेरच्या विजेचा त्रास नको म्हणून. मोबाइल बंद, चपला बाहेर, आणि मे महिन्यातही पंखा बंद. घाम पुसत, ओढणी कमरेला खोचून ती त्या जाळीत हात घालायची आणि एका ओढीत पापुद्रा बसवायची.

एका ओढीत. तो हात मी कितीदा बघितला असेल. जाड बोटं, विळ्याचे जुने वण, कापलेली नखं. असल्या हाताला असलं नाजूक काम यावं, याला काही अर्थ होता का? माझी बोटं लांब आहेत. लहानपणी सगळे म्हणायचे, हिला पियानो शिकवा. माझ्या या बोटांखाली पापुद्रा फुटायचा. पुन्हा ओढला, पुन्हा फुटायचा. भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा: “टिकला का गं?” मी ब्रश पुन्हा बुडवायचे. “न्हाई टिकला,” ती स्वतःशीच म्हणायची, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने.

कुणी लग्नाचं विचारलं की म्हणायची, “पापुद्रा टिकवताना जीव चाललाय, नवरा कुठं टिकवू?” आणि आपल्याच विनोदावर टेबल हलेल इतकी हसायची. तेव्हा तिच्या पापुद्र्याला काही व्हायचं नाही.

जळण्याच्या बाबतीत तिची रीत माझ्यापेक्षा निराळी होती. ती उघड जळायची. मी इंग्रजी शाळेतली. नांदेडातच वाढले, पण मराठी मला दुसरी भाषा म्हणून होती, आणि अजूनही मी ‘एकोणसत्तर’ ऐकलं की मनात हिशेब करते. ती मला मुद्दाम तसले आकडे सांगायची. “सहाशे एकोणऐंशी ग्रॅम. किती सांग? … बघा, इंग्लिश मीडियम अडकलं.” पण तिचा रिसर्च पेपर लिहायची वेळ आली की खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसायची. मी तिची वाक्यं सरळ करायचे आणि ती एकटक पडद्याकडे बघत राहायची.

“कसं सुचतंय गं तुला हे? मी एक वाक्य लिव्हायला अर्धा दिवस घालते अन् तू खडाखड. लई जळते मी तुझ्यावर.”

“काहीतरीच काय, ताई.”

“काहीतरीच न्हाई, खरं. पोटात आग पडते माझ्या.” आणि मग खिशातून दोन शेंगदाण्याच्या चिक्क्या काढून एक माझ्यापुढे ठेवायची. “मला तुझं इंग्रजी दे, माझा हात घे. करती का सौदा?”

मी हसायचे. मनातल्या मनात तिथल्या तिथे ‘करते’ म्हणायचे. तोंडाने म्हणाले असते तर माझ्या मनात काय चाललंय ते तिला कळलं असतं.

फेलोशिपचं माझं शेवटचं वर्ष लागलं होतं आणि हातात दाखवण्यासारखं काही नव्हतं. समितीपुढे सेमिनार होता. तिथे काही मांडता आलं नाही तर मुदतवाढ नाही, आणि मुदतवाढ नाही तर घरी. घरी आईने दोन स्थळं बघून ठेवलेली होती आणि ती वाईट नव्हती, हीच अडचण होती. अशात माझा पापुद्रा टिकायला लागला. का ते माहीत नाही. एक दिवस टिकला आणि मग रोजच टिकायला लागला. आणि त्यात दारं बसली, आणि ती दारं उघडायला लागली.

कॅल्शियम नसताना.

माझा प्रश्नच तो होता: बाहेर कॅल्शियम जवळजवळ नसेल, तर शेळीच्या स्नायूतलं हे दार काय करतं? असलेलं-नसलेलं कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन मी पाण्यात घातलेलं होतं. दार गप्प बसायला हवं होतं. ते उघडत होतं, एकदा नाही, दर काही दिवसांनी. सरांनी पडद्यावरची रेघ बघितली आणि ते माझ्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, “हे कुणी बघितलेलं नाही.”

आधी सर तासावरून दर काही दिवसांनी माझ्याकडे डोकावायचे; त्या दिवसापासून तास संपला की तिच्या दाराशी न थांबता रोजच यायला लागले. “आज काय म्हणतंय आपलं दार?” आपलं म्हणायचे. पहिल्यापासूनच्या सवयीने वाळत ठेवलेला कप उचलायचे, बोटांत धरून खिडकीकडे करून त्याचं भोक बघायचे, “एवढ्या भोकातून काय काय दिसतंय बघ” असं म्हणायचे आणि कप परत ठेवायचे. कुणी पाहुणे आले तर त्यांना माझ्या टेबलाशी घेऊन यायचे. भिंतीपलीकडे सगळं ऐकू जात असणार, याची मला पूर्ण जाणीव होती. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी जरा मोठ्याने बोलायला लागले होते.

ती एका दुपारी आली. माझ्या टेबलापुढे उभी राहून रेघ बघितली. खूप वेळ बघितली.

“कॅल्शियम हाय,” म्हणाली.

“नाही, ताई. धरून ठेवणारं रसायन घातलंय.”

“त्याच्या मापापेक्षा जास्त येऊन राहिलंय कुठूनतरी. पाव्हणा आल्याशिवाय दार उघडत न्हाई.”

“प्रत्येक दार तुमच्या म्हणण्याप्रमाणेच वागायला पाहिजे का?”

एवढं उलट उत्तर मी तिला पहिल्यांदाच दिलं होतं. माझेच कान तापले. तिने माझ्याकडे वळून बघितलं.

“तुम्ही जळताय,” मी म्हटलं. हळू, पण म्हटलं.

“जळते तर हायेच,” ती लगेच म्हणाली. “सर आता माझ्याकडं येत न्हाईत. न्हाई कसं वाटंल? पण कॅल्शियम पण हाय.”

दुसऱ्या दिवशी ती तिचं स्टूल घेऊन माझ्या खोलीत आली आणि कोपऱ्यात बसली. स्वतःचं काम सोडून. “काय करताय?” तर म्हणे, “बसले. तू कर तुझं.” मी पाणी ओतलं, भांडी मांडली, बाटल्या उघडल्या, आणि प्रत्येक हालचालीला मला तिची नजर जाणवत होती. ती शेतात रानडुक्कर कुठल्या वाटेने येतं ते बघायला बसलेल्या माणसासारखी बसली होती. दुपारी सर आले. तिला बघून जरा थबकले, मग माझ्याकडे वळून “काय म्हणतंय आपलं दार?” कप उचलला, अंगठा कपाच्या आत, दोन बोटं बाहेर, खिडकीकडे धरला. बोलले, हसले, ठेवला, गेले.

ती उठली. तो कप उचलला नाही, नुसतं वाकून बघितलं.

“पाहिलंस?”

“काय?”

“बोटं.”

मी बघितलं. कपाच्या आतल्या कडेवर अंगठ्याएवढा एक पुसट पांढरा डाग होता. तो मी रोज बघत असणार. सरांच्या अंगठ्याचा म्हणून मला तो दिसलाच नव्हता.

“कधी म्हणलीस का त्यांना, हात धुवा म्हणून?”

मी मान हलवली. नाही.

“मग झालं की,” ती म्हणाली. रागाने नाही. विजयानेही नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

रविवारी डिपार्टमेंट बंद असताना आम्ही दोघींनी करून बघितलं. तिच्या लाल दोऱ्याच्या पाण्याने धुतलेला, कुणी हात न लावलेला कप. दार बसलं, रेघ खाली, सरळ, गप्प. मग सरांनी धरलेला कप. रेघ उड्या मारायला लागली. त्यात धरून ठेवणारं रसायन आणखी घातलं. रेघ परत झोपली. इतकं स्वच्छ उत्तर मला पहिल्यांदाच मिळालं होतं आणि ते माझ्याविरुद्ध होतं.

“मी सांगते सरांना,” ती म्हणाली. “पाच मिनिटाचं काम हाय.”

तिने सांगावं असं मला फार वाटत होतं. आणि तिने सांगितलं असतं तर मी तिला जन्मात माफ केलं नसतं. माझ्या तोंडावर हे दोन्ही उमटलं असावं, कारण तिने ओढणी झटकली आणि म्हणाली, “न्हाई. टेबल तुझं हाय. तूच सांग.”

सोमवारी सर तासावरून आले. मी दारात उभी होते. आत सरकून जागा द्यायला हवी होती, मी दिली नाही. मी घरी वाक्यं तयार करून आले होते, इंग्रजीत, आदराची, व्यवस्थित. त्यातलं एकही आलं नाही.

“सर,” मी म्हटलं. “हात.”

त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझ्या मागे, टेबलावर, वाळत ठेवलेल्या कपांकडे. सर हुशार आहेत. मला पुढे काही सांगावं लागलं नाही.

“सुरुवातीपासून?” त्यांनी विचारलं.

“हो, सर.”

ते वऱ्हांड्याच्या टोकाला गेले. नळ खूप वेळ चालू होता. परत आले तेव्हा ओले हात अंगापासून लांब धरले होते, ऑपरेशनच्या आधी डॉक्टर धरतात तसे. चेहरा उतरला होता. त्यांनी दोन-तीन ठिकाणी हे सांगून ठेवलं होतं, मला माहीत होतं. ते स्टुलावर बसले आणि किंचित हसले.

“तूसुद्धा अगदी तिच्यासारखीच झालीस,” म्हणाले.

वर्षानुवर्षं मला हेच ऐकायचं होतं. आणि ऐकलं तेव्हा वाटलं, मी सरांना हटकलं, माझ्या तोंडाने, माझ्या दारात, आणि त्यातही नाव तिचंच आलं.

सेमिनारमध्ये मी साधंच मांडलं: कॅल्शियम नसेल तर हे दार उघडत नाही. जे सगळ्यांना ठाऊक होतं तेच, फक्त आमच्या शेळीवर. कुठून कुठून चोरून कॅल्शियम येतं आणि ते कसं ओळखायचं, हेही सांगितलं. खडू कुणाच्या हाताचा, ते सांगितलं नाही. समितीतल्या एका वयस्कर बाईंनी फक्त त्या चोरट्या कॅल्शियमबद्दलच प्रश्न विचारले, आणि मुदतवाढ मिळाली. बाहेर आले तर ती जिन्यात चिक्की घेऊन उभी. “तुझं इंग्रजी ऐकून पोटात आग पडली,” म्हणाली.

तिला डॉक्टरेट मिळाली आणि ती लातूरला गेली. जागा निघेल, मग अर्ज, मग मुलाखत, या सगळ्याची वाट बघायला तिला वेळ नव्हता. मेडिकलच्या परीक्षेचे क्लास घेणाऱ्या एका संस्थेत ती जीवशास्त्र शिकवते. जाताना खोली, टेबल, ट्यूबा, जाळी, पंप सगळं माझ्या हवाली केलं आणि मागे वळून बघितलं नाही. मी तिच्या जागी असते तर त्या खोलीसाठी रडले असते. तिने फक्त पाटी काढून घेतली. “ही माझी हाय. तू तुझी कर.”

गेल्या महिन्यात एका लग्नासाठी लातूरला गेले तेव्हा तिच्या क्लासवर गेले. मोठा हॉल, खचाखच भरलेला, आणि भिंतीवर तीच पुठ्ठ्याची पाटी. तिथे खडूचा प्रश्नच नाही, पांढरा बोर्ड आहे, मार्कर आहेत. तरी पाटी आहे. ती दाराचं सांगत होती. अभ्यासक्रमात याला चार ओळी आहेत. तिने पाव्हणा आणला, गाव आणलं, उंबऱ्यातली सासू आणली. उदगीर, निलंगा, किल्लारी, कुठून कुठून आलेली ती पोरं हसत होती आणि लिहून घेत होती. पहिल्या बाकावर एक मुलगी होती. वेणी घट्ट, पाठ ताठ. ती लिहीत नव्हती, नुसती हिच्या हाताकडे बघत होती. तिच्याकडे बघून मला जे वाटलं त्याला माया म्हणता येणार नाही.

“ही बघा,” तिने मला बोर्डापाशी ओढलं. “ही माझी जोडीदारीण. एवढं इंग्रजी बोलती, अन् आता पापुद्रा पण माझ्यापेक्षा चांगला बसवती.” ते खरं नव्हतं. निदान तिने ते बघितलेलं तरी नव्हतं.

नंतर आम्ही समोरच्या हॉटेलात बसलो. तिने चहा आणि मिरचीची भजी मागवली. गावाकडचं, आईचं, नव्या स्कूटीचं सांगून झालं. मग भजं मोडता मोडता, माझ्याकडे न बघता म्हणाली:

“सर नाव काढतात का गं माझं कधी?”

सर रोज काढतात. हात धुऊन येतात, माझ्या स्टुलावर बसतात, रेघ बघतात आणि नवीन काहीही दिसलं की पहिलं वाक्य हेच असतं: “तिला विचारलंस का?” पाटी मी अजून केलेली नाही, तरी दाराशी आल्यावर ते आपोआप थांबतात आणि पाटी होती त्या जागेकडे बघतात.

“नाही,” मी म्हटलं. “फारसं नाही.”

तिने मान वर केली. त्या दिवशी स्टुलावर बसून माझे हात बघत होती तसं माझं तोंड बघत राहिली. मला खिडकीबाहेर बघायचं होतं, पण माझी पाठ खिडकीकडे होती.

“लई जळतीस गं तू,” ती म्हणाली. कुणीतरी मोठं बक्षीस हातात ठेवावं तशी तिची कळी खुलली. ती हसायला लागली, टेबल हललं, चहा बशीत सांडला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. हसत हसतच तिने उरलेल्या भज्यांची प्लेट माझ्यापुढे सारली.

भजी गरम होती. मी सगळी खाल्ली.